सगळी मापं बरोबर, तरीही ब्रॅकेट उलटं

मुंबईत साकीनाक्याच्या एका गाळ्यात १८ ब्रॅकेट (मशीनमधले लोखंडी आधार) तयार झाली. वेल्डिंग, मशीनिंग, तपासणी, वर रेड ऑक्साइडचा हात, सगळं रीतसर. माल मरोळला गेला आणि पहिल्याच मशीनवर बसवताना तिथल्या फिटरने फोन केला: "साहेब, भोक उलट्या बाजूला आलंय." गाळ्यातल्या सुपरवायझरने शिल्लक नमुना टेबलावर घेतला, व्हर्नियर आणि हाइट गेज लावून प्रत्येक माप पुन्हा तपासलं. एकही माप चुकलेलं नव्हतं. तरी ते ब्रॅकेट त्या मशीनवर कधीच बसणार नव्हतं, कारण ते हव्या असलेल्या ब्रॅकेटचं आरशातलं प्रतिबिंब होतं.

अशी चूक दिसते तितकी दुर्मीळ नाही आणि ती कोणा एकाच्या हलगर्जीपणामुळे होते असंही नाही. इथे कागद चार हातांतून गेला, आणि प्रत्येकाने त्यात जे नव्हतं ते स्वतःच्या सवयीने भरून काढलं. म्हणून हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखं आहे.

वस्तू काय होती

पॅकिंग मशीनमधल्या एका ३० मिमी शाफ्टचं एक टोक गिअरबॉक्समध्ये, दुसरं या ब्रॅकेटमधल्या गनमेटल बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीत). ब्रॅकेट एमएस (माइल्ड स्टील, साध्या लोखंडी) प्लेटचं, तीन तुकड्यांचं. खाली बेस प्लेट २०० × १२० × १६ (सगळी मापं मिमीत). तिच्या एका लांब कडेला कड जुळवून उभी प्लेट, २०० रुंद, १४४ उंच, २० जाड. म्हणजे एकूण उंची १६०. आतल्या कोपऱ्यात १० मिमी जाडीची त्रिकोणी रिब (मजबुतीसाठीची पट्टी), १०० × १०० ची. उभ्या प्लेटमध्ये ४० व्यासाचं आरपार भोक, त्याचं केंद्र बेसच्या तळापासून ९५ वर आणि उजव्या कडेपासून ६० वर. रिब डावीकडे, डाव्या कडेपासून ५० ते ६० या पट्ट्यात. बेसमध्ये एम१० बोल्टसाठी ११ मिमीची चार भोकं, लांबीच्या दिशेने १६० अंतरावर, आडवी ६० अंतरावर. एका ब्रॅकेटचं वजन सुमारे पावणेआठ किलो.

यातला कोणताही सुटा तुकडा डावा-उजवा नाही, हे इथेच लक्षात घ्यावं. उभी प्लेट पालथी केली की भोक दुसऱ्या कडेला जातं. बेस प्लेटची भोकं डावी-उजवीकडे सारखी आहेत. रिब दोन्ही बाजूंनी एकच. 'हात', म्हणजे डावं-उजवेपण, तयार होतो तो हे तुकडे एकमेकांना जोडताना. त्यामुळे कटिंगच्या टप्प्यावर ही चूक सापडणं शक्यच नव्हतं.

कागदाचा प्रवास

मशीन मूळ जपानी. जपानचं मानक थर्ड अँगल प्रक्षेपणाचं (वस्तूचे वेगवेगळ्या बाजूंचे व्ह्यू कागदावर मांडायच्या एका पद्धतीचं) आहे, आणि मूळ ड्रॉइंग त्याच पद्धतीचं, ए२ कागदावर होतं. त्यावर एक फ्रंट व्ह्यू, त्याच्या उजवीकडे साइड व्ह्यू, बाजूला बेस प्लेटचं वेगळं तपशीलचित्र आणि खालच्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या माहितीची चौकट). फ्रंट व्ह्यू ब्रॅकेटच्या बाहेरच्या तोंडाकडून घेतलेला, म्हणजे उभी प्लेट समोर, आणि बेस व रिब तिच्या मागे. म्हणून रिब तुटक रेषांनी दाखवलेली.

खरेदी विभागाने या कागदाचा फोटो काढला, 'कामाचा भाग' तेवढा कापून ठेवला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. गाळ्यात तो ए४ वर छापला गेला. या दोन साध्या कृतींत तीन गोष्टी गेल्या.

टायटल ब्लॉक कापला गेला, आणि त्याबरोबर प्रक्षेपणाचं चिन्ह, स्केल, सर्वसाधारण टॉलरन्सची (मापात चालणाऱ्या कमी-जास्तीची) टीप आणि आवृत्तीचं अक्षर.

ए२ ची ५९४ मिमी लांबी ए४ च्या २९७ मध्ये आली, म्हणजे सगळं निम्मं झालं. मूळ स्केल १:२ होतं, ते कागदावर १:४ झालं, पण तसं लिहिलेलं कुठेच नव्हतं. छापील कागदावर पट्टी ठेवून माप काढू नये हा नियम याचसाठी आहे. ३.५ मिमी उंचीचे आकडे १.७५ मिमीचे झाले.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक ठरली. मूळ कागदावर तुटक रेषा ०.२५ मिमी जाडीच्या होत्या, तुकड्यांमधली मोकळी जागा जेमतेम १ मिमी. निम्म्यावर आणल्यावर रेषा ०.१२५ आणि फट अर्धा मिमी. त्यात फोटोचं कॉम्प्रेशन आणि टोनर कमी झालेला प्रिंटर. रिबच्या तुटक रेषा सलग छापल्या गेल्या. सलग रेषेचा अर्थ एकच: ही कड समोरून दिसते.

फर्स्ट अँगल, थर्ड अँगल

आपल्याकडे आयटीआय आणि डिप्लोमाला फर्स्ट अँगल शिकवतात. भारतीय मानक ब्यूरोचं एसपी ४६ हे विद्यार्थ्यांसाठीचं प्रकाशनही तीच पद्धत धरतं. साकीनाक्याच्या वेल्डरने आणि सुपरवायझरने कागद तसाच वाचला. चिन्ह नसताना माणूस शिकलेल्या पद्धतीनेच वाचणार.

दोन्ही पद्धतींत व्ह्यू तेच असतात, फक्त त्यांची जागा बदलते. थर्ड अँगलमध्ये उजवीकडून पाहिलेला व्ह्यू उजवीकडेच ठेवतात. फर्स्ट अँगलमध्ये डावीकडून पाहिलेला व्ह्यू उजवीकडे ठेवतात. आता या ब्रॅकेटचा साइड व्ह्यू घ्या: त्यात उभी प्लेट डावीकडे आणि बेस उजव्या हाताला पसरलेला, सरळ इंग्रजी एल सारखा. हे चित्र वस्तूच्या उजवीकडे उभं राहून पाहिलेलं असेल, तर पाहणाऱ्याचा उजवा हात वस्तूच्या मागच्या बाजूला येतो, म्हणजे बेस मागे पसरतो. तेच चित्र डावीकडे उभं राहून पाहिलेलं असेल, तर उजवा हात पुढच्या बाजूला येतो आणि बेस पुढे येतो. कागदावर एकही रेषा न बदलता खोली पालथी होते.

टेबलावर पटकन तपासायची एक सोपी खूण आहे. थर्ड अँगलमध्ये फ्रंट व्ह्यूला लागून असलेली दुसऱ्या व्ह्यूची कड ही वस्तूची पुढची बाजू असते. फर्स्ट अँगलमध्ये लागून असलेली कड ही मागची बाजू. वरचा, खालचा, डावा, उजवा, सगळ्या व्ह्यूंना हे लागू पडतं. प्रक्षेपणाचं चिन्ह म्हणजे एक कापलेला शंकू आणि शेजारी दोन वर्तुळं. त्याच्या बाबतीत 'वर्तुळं डावीकडे की उजवीकडे' हे पाठ करण्यात गोंधळ होतो. त्याऐवजी कापलेल्या शंकूचं कोणतं टोक वर्तुळांकडे आहे ते पाहावं. निमुळतं टोक वर्तुळांकडे असेल तर थर्ड अँगल, रुंद टोक वर्तुळांकडे असेल तर फर्स्ट.

चिन्ह नसलं तरी नीट छापलेलं ड्रॉइंग बहुतेक वेळा स्वतःच आपली पद्धत सांगतं, ते दृश्य आणि अदृश्य रेषांमधून. या कागदावर रिब तुटक दिसली असती तर वेल्डरला लगेच खटकलं असतं: बेस पुढे आहे म्हणता, मग त्यावरची रिब तुटक का? फर्स्ट अँगलने वाचलेलं चित्र तिथेच अडलं असतं. रेषा सलग झाल्यामुळे चुकीचं वाचनही आतून पूर्ण सुसंगत ठरलं. बेस प्लेटचं तपशीलचित्रही दोन्ही वाचनांना सारखंच लागू पडत होतं. शंका यायला कागदावर काहीच उरलं नव्हतं.

तपासणीत का सापडलं नाही

कारण तपासणीचा तक्ता मापांचा होता. ९५ बरोबर, ६० बरोबर, १६० बरोबर, भोकाला ४०.००० चा गो प्लग (आत जायलाच हवा असा गेज) गेला, ४०.०२५ चा नो-गो (जाऊ नये असा) अडला. वस्तू आणि तिचं प्रतिबिंब यांची सगळी अंतरं, सगळे व्यास, सगळे कोन एकच असतात. व्हर्नियरला डावं-उजवं कळत नाही. शिवाय तपासणाऱ्याच्या हातातही तोच ए४ कागद होता, म्हणजे त्याने वेल्डरचं वाचन तपासलं नाही, फक्त आकडे तपासले.

'कडेपासून ६०' हे माप फ्रंट व्ह्यूमध्ये लिहिलेलं होतं आणि तुकडा टेबलावर कसाही ठेवता येत होता, त्यामुळे 'कोणत्या कडेपासून' हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही.

वाचवता येईल का

मरोळच्या फिटरने आधी सुचवलं की ब्रॅकेट अर्धा फेरा फिरवून बसवू, भोक तरी जागेवर येईल. भोक खरंच जागेवर येत होतं. पण मग बेस फ्रेमवर न बसता बाहेर हवेत पसरत होता, आणि फ्रेममधली टॅप केलेली भोकं दुसऱ्याच बाजूला राहत होती.

दुसरा विचार: बेस योग्य बाजूला ठेवून उजव्या कडेपासून ६० वर नवं भोक पाडायचं. जुन्या आणि नव्या केंद्रांमध्ये ८० मिमी, मधे ४० मिमी लोखंड शाबूत, म्हणजे ताकदीला तसा धोका नाही. पण प्रतिबिंब असल्यामुळे रिबही दुसऱ्या बाजूला होती. योग्य तऱ्हेने ठेवल्यावर ती डावीकडून १४० ते १५० या पट्ट्यात आली, आणि नवं भोक १२० ते १६० मध्ये हवं होतं. म्हणजे रिब बरोबर भोकामागे. ती कापून योग्य जागी, ५० ते ६० वर लावायची म्हटली, तर तिथे जुनं भोक, ४० ते ८० मध्ये. रिबच्या उभ्या वेल्डचा बराच भाग हवेतच पडला असता. जुनं भोक गोल तुकडा घालून वेल्डने भरायचं, घासायचं, मग त्यावर रिब, मग पुन्हा बोरिंग (भोक मापाला कापणं). इतकी उष्णता गेल्यावर बेसचा तळ सपाट राहत नाही. तो पुन्हा अर्धा मिमी मिलिंग करावा लागला असता, १६ ची प्लेट १५.५ झाली असती, आणि सर्वसाधारण टॉलरन्सच्या ±०.२ मध्ये ते बसत नाही. त्यासाठी ग्राहकाकडून लेखी सवलत घ्यावी लागली असती, तीही १८ वेळा ठिगळ लावलेल्या भागासाठी.

१८ ब्रॅकेट नव्याने बनवायचं ठरलं, आणि आमच्या मते तेच योग्य होतं. सुमारे १४० किलो लोखंड भंगारात गेलं. पण फिरणाऱ्या शाफ्टचा आधार हा ठिगळ लावायचा भाग नव्हे.

बुश मात्र वाचवण्यासारखे होते, गनमेटल महाग. भोक ४० एच७ या टॉलरन्स वर्गाचं, म्हणजे ० ते +२५ मायक्रॉन (हजारांश मिमी). बुशचा बाहेरचा व्यास पी६, म्हणजे +२६ ते +४२. दाब, म्हणजे बुश भोकापेक्षा जितका मोठा तो फरक, कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ४२ मायक्रॉनचा. एकदा दाबून बसवलेला बुश काढला की त्याची बाहेरची टोकं दबतात, पृष्ठभागावर ओरखडे येतात. म्हणून काढलेला प्रत्येक बुश मायक्रोमीटरने दोन आडव्या-उभ्या दिशांत, दोन ठिकाणी मोजायचा आणि ४०.०२६ च्या खाली गेलेला बाजूला टाकायचा. जे वापरले त्यांचं आतलं ३० चं भोक बसवल्यानंतर पुन्हा रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने) साफ करायचं, कारण दाबाने ते आकसतं. शाफ्ट एफ७ (–२० ते –४१) आणि बुश एच७ (० ते +२१), म्हणजे मोकळीक २० ते ६२ मायक्रॉन. बसवण्याआधी आतलं माप पूर्ण करून ठेवलेला बुश दाबल्यावर या मोकळिकीचा बराच भाग खातो, आणि मग शाफ्ट तापतो.

नवं ड्रॉइंग

नवं ड्रॉइंग ए३ वर, १:२ स्केलला काढलं, ए४ वर छापलं तरी वाचता येईल अशा ५ मिमीच्या आकड्यांनी. दिशेचा प्रश्न तीन प्रकारे बंद केला. प्रक्षेपणाचं चिन्ह टायटल ब्लॉकमध्ये आहेच, शिवाय फ्रंट व्ह्यूच्या शेजारीही आहे, म्हणजे कापाकापीत वाचेल. साइड व्ह्यूसाठी फ्रंट व्ह्यूवर 'अ' बाण काढून व्ह्यूखाली 'अ दिशेने' असं लिहिलं. मानकांना ही बाणाची पद्धत मान्य आहे, आणि ती वापरली की फर्स्ट-थर्डचा वादच उरत नाही. आणि कोपऱ्यात एक छोटं आयसोमेट्रिक (तिरक्या कोनातून वस्तू उभी-आडवी-खोल दाखवणारं) चित्र. वेल्डरला तेच सर्वांत आधी दिसतं. त्याला माप लागत नाही, तो फक्त कोणता तुकडा कुठे आहे हे पाहतो. बाहेर कामाला जाणाऱ्या प्रत्येक वेल्डेड भागाच्या ड्रॉइंगवर आयसोमेट्रिक असलंच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे. कॅडमध्ये त्याला दोन मिनिटं लागतात.

रिबही आता तुटक रेषांवर सोडलेली नाही. तिथून सेक्शन (वस्तू कापून आतलं दाखवणारा व्ह्यू) काढला. मात्र सेक्शन रिबच्या लांबीतून गेला तर रिबला हॅचिंग (कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरक्या रेषा) करायचं नसतं, हे नवशिके विसरतात. हॅचिंग केलं तर ती पूर्ण भरीव ठोकळ्यासारखी दिसते.

कागद नव्याने काढताना मापांमधलाही एक जुना दोष सापडला. बेसच्या लांबीवर २०, १६०, २० आणि वर २०० अशी चारही मापं लिहिलेली होती. आयएस २१०२ या सर्वसाधारण टॉलरन्सच्या भारतीय मानकाच्या मध्यम वर्गात २० ला ±०.२, १६० ला ±०.५, २०० ला ±०.५. साखळीची बेरीज केली तर २०० ±०.९ येते, आणि शेजारी ±०.५ चा हुकूम. दोन्ही एकाच वेळी पाळता येतीलच असं नाही. एक माप काढून टाकायचं किंवा कंसात, केवळ माहितीसाठी ठेवायचं. कोणतं काढायचं हे काम ठरवतं. बोल्ट जुळायला १६० हवं, मशीनमध्ये मावायला २०० हवं, दुसऱ्या टोकाचं २० कोणाच्याच कामाचं नाही. ते काढलं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे शाफ्टचं भोक गॅसने कापलेल्या कडेपासून मोजलेलं होतं. कड स्वतः खडबडीत. भोक तिच्यापासून ६० ±०.३, बोल्टचं भोक तिच्यापासून २० ±०.२, म्हणजे शाफ्ट आणि बोल्ट यांच्यातलं खरं ४० चं अंतर ±०.५ इतकं सैल. गिअरबॉक्सशी सरळ रेषेत येणाऱ्या शाफ्टला हे चालत नाही. फिटर मग शिम (पातळ पत्रे) घालत बसतो आणि दोष ब्रॅकेटला न देता गिअरबॉक्सला देतो. नव्या ड्रॉइंगवर मशीन केलेला तळ हा पहिला आधार, आणि एका डॉवेल पिनचं (जागा पक्की करणाऱ्या खुंटीचं) रीम केलेलं भोक हा दुसरा. भोकाची उंची तळापासून ९५ ±०.०५, आडवं माप डॉवेलपासून ±०.१, आणि भोकाचा अक्ष तळाला समांतर ०.०५ च्या आत. तळाला आरए (पृष्ठभागाचा खडबडीतपणा, मायक्रॉनमध्ये) ३.२, भोकाला १.६. बाकी कडा गॅसच्या, जशा आहेत तशा; तिथे बारीक टॉलरन्स लिहून पैसे वाया घालवू नयेत.

वेल्डच्या चिन्हातला '६' हा पायाचा (प्लेटवरच्या बाजूचा) की गळ्याचा (कोपऱ्यापासूनच्या तिरक्या जाडीचा), हेही स्पष्ट लिहिलं. पाय ६ असेल तर गळा सुमारे ४.२ येतो, गळाच ६ समजला तर जवळजवळ दुप्पट धातू भरला जातो आणि प्लेट ओढली जाते. क्रमही कागदावर आहे: टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके), मापं तपासणं, पूर्ण वेल्ड, थंड होऊ देणं, तळाचं मिलिंग, मग कच्च्या भोकाचं पूर्ण मापाला बोरिंग. बोरिंग वेल्डच्या आधी केलं तर एच७ टिकत नाही.

तपासणीसाठी १२ मिमी प्लेटचा एक साधा गेज बनवला. बेसच्या भोकांसाठी चार पिना आणि शाफ्टच्या जागी एक आडवा दांडा. ब्रॅकेट पिनांवर ठेवायचं, दांडा भोकातून सरकवायचा. उभी प्लेट योग्य बाजूला ठेवलेलं उलट्या हाताचं ब्रॅकेट पिनांवर बसलं तरी दांड्याला भोक सापडत नाही. आता टॅक झाल्यावर पहिला नग या गेजवर जातो, आणि तो बसल्याशिवाय बाकीच्या १७ वर वेल्डिंगची कांडी लागत नाही.

भाग तोच, अदलाबदल करता येणारा, म्हणून भाग क्रमांक बदललेला नाही. आवृत्ती 'अ' ची 'ब' झाली. फोनमध्ये फिरणारे जुने फोटो कोणी पुसू शकत नाही, म्हणून खरेदीच्या ऑर्डरवर आता क्रमांकाबरोबर आवृत्तीचं अक्षर लिहिलं जातं, आणि ते नसेल तर साकीनाक्याहून प्लेट कापण्याआधी फोन येतो.